गुडघ्याएवढ्या बाईकचं रनिंग-इन

ताईचा फोन आला तेव्हा मागून दाजींचं खोकणं आणि भुंग्यासारखा एक चिरका आवाज, दोन्ही एकदम ऐकू येत होतं. "अरे, यांनी ती बाईक पार्किंगमध्ये विटांवर चढवून ठेवलीय. म्हणतात, तासभर अशीच चालू ठेवायची, म्हणजे इंजिन सेट होतं. वरचे काका खाली आलेत भांडायला." मी म्हटलं, आधी बंद करायला सांग, मग बोलू.

बाईक म्हणजे पॉकेट बाईक. अकरा वर्षांच्या भाच्यासाठी आणलेली, रेसिंग बाईकची हुबेहूब पिल्लू आवृत्ती. सीट माझ्या गुडघ्याला लागते. ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, हवेवर थंड होणारं. दोरी ओढून सुरू करायची, गिअर नाहीत, आवाज वाढला की क्लच आपोआप पकडतो. गाडीच्या डिकीत मावते. खोक्यात एक पुस्तिका होती आणि तिच्यात एक वाक्य होतं की सुरुवातीला इंजिनाचं रनिंग-इन करा. करायचं म्हणजे नेमकं काय, ते पुढे धड लिहिलेलं नव्हतं. दाजींनी आपल्या परीने अर्थ लावला.

त्यांचं सगळंच चुकलं असं नाही. पण विटांवर ठेवून तासभर आयडलिंग म्हणजे रनिंग-इनच्या नावाखाली नेमकं उलटं काम. ते उलटं का, हे समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पुण्याला खरं तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक आली, त्याच वर्षी लूनाही आली. दोन्ही टू-स्ट्रोक, आणि लूना तर या पॉकेट बाईकएवढ्याच इंजिनाची. तेव्हा घरात नवीन गाडी आली की काही दिवस एक वाक्य सगळ्यांना ऐकवलं जायचं, "गाडी अजून रनिंगमध्ये आहे." म्हणजे डबलसीट मागू नका, चाळीसच्या वर नेऊ नका, घाटाचं नाव काढू नका. नियम सगळ्यांना पाठ होते. कारण मात्र कुणी सांगायचं नाही. "इंजिन मोकळं व्हायला पाहिजे," एवढंच.

तर मोकळं म्हणजे काय ते बघू.

ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांना आठवत असेल, पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायचे. टाकीवाल्या बाई दारात बसून छिन्नीने बारीक बारीक टिचे मारायच्या. गुळगुळीत पाट्यावर वाटण नुसतं सरकतं, वाटलं जात नाही. आणि टाकी लावल्यावर आई लगेच चटणी वाटायची नाही. आधी मूठभर तांदूळ वाटून ते टाकून द्यायची. नव्या टिच्यांची सुटी कच त्यात निघून जायची. ती चटणीत आली असती तर दाताखाली आली असती.

इंजिनाच्या सिलिंडरला आतून अशीच टाकी लावलेली असते. तिला होनिंग म्हणतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं गोल भोक, कापून झाल्यावर दगडी होनने आत एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा ओढतात. हातात घेऊन उजेडाकडे धरलंत तर बारीक जाळीसारखं दिसतं. या रेघांच्या खाचांत तेल धरून राहतं आणि खाचांच्या मधले उंचवटे पिस्टनच्या रिंगला, म्हणजे पिस्टनभोवती खाचेत बसवलेल्या कडीला, घासतात. रिंगही नवीन, तिच्या कडेवरही मशीनचे उंचसखल ठसे असतात. दोन्हींचे उंचवटे एकमेकांना घासून थोडे झिजले की रिंग त्या बोअरच्या मापाची होते, अगदी त्याच बोअरच्या. याला रिंग बसणं म्हणतात. रनिंग-इनमधलं मुख्य काम हेच. बाकी क्लचमधले घासून पकड घेणारे शू, बेअरिंग, चेन आपापल्या जागी बसतात, पण ते दुय्यम.

आता कळीचा मुद्दा. रिंग भिंतीला दाबून धरतं कोण? रिंग स्प्रिंगसारखी असते, तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो अगदी थोडा. खरा दाब येतो वरच्या स्फोटातून. पेट्रोल पेटतं तेव्हा तापलेला वायू रिंगच्या वरच्या फटीतून तिच्या पाठीमागे, खाचेत शिरतो आणि तिला आतून बाहेर, भिंतीकडे ढकलतो. स्फोट जोराचा तर रिंगही जोरात दाबली जाते. इंजिन विटांवर नुसतं फुरफुरत असेल तर स्फोट इतके क्षीण असतात की रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते. टाकी न लावलेल्या पाट्यावरचं वाटण जसं. म्हणून रनिंग-इनमध्ये इंजिनाला थोडं ओझं लागतंच. "हळू चालव" हा सल्ला अर्धाच आहे.

आणि ही संधी फार वेळ उघडी राहत नाही. उंचवटे झिजण्याआधीच रिंगच्या बाजूने गरम वायू खाली निसटत राहिला, तर भिंतीवरचं तेल भाजून त्याचा चकचकीत थर त्या खाचांत बसतो. कढईला तळणाचा राप चढतो तसा. गॅरेजवाले याला बोअर ग्लेझ झालं म्हणतात. मग रिंग कधीच नीट बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूचा दाब, कमी राहतं, आणि गाडी नवीकोरी असूनही दोरी ओढून ओढून खांदा जातो. उपाय एकच, उघडून पुन्हा होनिंग.

मग पहिल्याच दिवशी पूर्ण मूठ पिळून का पळवू नये? तसं सांगणारेही आहेत, आणि दाबाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गरमीबद्दल ते फार बेफिकीर असतात, एवढीच माझी तक्रार.

पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची लायनर, म्हणजे आतली नळी, बहुधा बिडाची. सारखीच गरमी दिली तर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यात सिलिंडरला बाहेरून फिन, म्हणजे थंड होण्यासाठी पातळ पट्ट्या आहेत, त्यांना वारा लागतो. पिस्टन बिचारा आत कोंडलेला. दोघांमधली फट एवढ्या छोट्या इंजिनात पाच-सहा शतांश मिलिमीटर असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. नव्या इंजिनात घर्षण जास्त, म्हणून गरमी जास्त; गरमीने पिस्टन फुगतो, फुगला की आणखी घासतो, घासला की आणखी तापतो. हे चक्र फिरायला लागलं की काही सेकंदांत पिस्टन बोअरला चिकटतो. इंजिन जाम.

हे मी गाडीवर बसलेला असताना अनुभवलंय. कॉलेजात असताना वडिलांची स्कूटर नुकतीच बोअर करून आणली होती, रनिंगमध्ये होती. मित्राला मागे घेऊन साताऱ्याकडे निघालो आणि खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिलो. आधी ताकद कमी झाल्यासारखी वाटली. मी मूठ आणखी पिळली, कारण विसाव्या वर्षी दुसरं काही सुचत नाही. मग एक बारीक चीत्कार आला आणि मागचं चाक लॉक झालं. क्लच दाबायला हात कसा गेला ते आजही सांगता येणार नाही, पण गेला, म्हणून हे लिहितोय. वीस मिनिटांनी थंड झाल्यावर किक खाली गेली आणि आम्ही चालत जाण्याच्या वेगाने परत आलो. मेकॅनिकने सिलिंडर उतरवून पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. सायलेन्सरच्या बाजूला, जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे, उभे ओरखडे. नख लागत होतं त्यांत. "बोअर नवीन, घाट तोच, अक्कल यायची आहे," एवढंच तो म्हणाला. वडील याहून बरंच जास्त बोलले.

तर दाब हवा, पण साचलेली गरमी नको. थोडा वेळ ओझ्याखाली चालवायचं, मग थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. मूठ एकाच जागी धरून ठेवायची नाही. वाढवायची, सोडायची, वाढवायची. ओढताना रिंग दाबली जाते, सोडल्यावर तिला जरा श्वास मिळतो. उभ्या गाडीचं आयडलिंग वाईट ते दोन्ही बाजूंनी: दाब नाही आणि फिनना वाराही नाही.

आता तेल. टू-स्ट्रोकला खाली तेलाचा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळून जाईल तेवढंच तेल इंजिनाला मिळतं. आमच्या पुस्तिकेत रनिंग-इनसाठी २५ ला १ होतं, म्हणजे लिटरमागे ४० मिली. नंतर ३३ ला १, म्हणजे साधारण ३० मिली. टू-टी ऑईल नाना पेठेत सहज मिळालं. ४० मिली अंदाजाने ओतू नका. औषधाची १० मिलीची सिरिंज घ्या आणि चार वेळा भरा. आधी निम्मं पेट्रोल, मग तेल, डबा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. टाकीत ओतून टाकीतच मिसळेल असं समजू नका. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून मी माझ्या जुन्या बाईकच्या कॉकची नळी काढून डब्यात घेतलं. तोंडाने ओढायचं धाडस करू नका, आणि हे सगळं उघड्यावर करा.

इथे बहुतेकांची एक गंमतशीर चूक होते. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटून ते लिटरमागे शंभर मिली ठोकतात. पण पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, जाणारं तेल-पेट्रोल ठरलेलं असतं. त्यात तेल वाढलं तर तेवढं पेट्रोल घटतं. पेट्रोल घटलं की हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणजे मिश्रण लीन होतं आणि इंजिन आणखी तापतं. शिवाय प्लग काळा होतो तो वेगळाच. पुस्तिकेत आहे तेवढंच टाका.

त्यातून आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक किलो साधं पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. साध्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरमधून ई-२० गेलं की हवा जास्त आणि इंधन कमी, म्हणजे पुन्हा लीन. आजच्या मोठ्या गाड्यांत सेन्सर ते ओळखून सांभाळून घेतो. या खेळण्यात सेन्सर कुठला. पुण्याची उंची थोडी मदतीला येते म्हणा. ५६० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा विरळ असते, त्यामुळे मिश्रण किंचित रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. पण तेवढ्याने इथेनॉलचा हिशोब फिटत नाही. आम्ही कार्बोरेटरच्या सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवली. क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त.

चालवायची कुठे, हा प्रश्न भाच्याने पहिल्याच मिनिटाला सोडवला होता: सोसायटीच्या गेटबाहेर. तो नामंजूर झाला. मोटार वाहन कायद्यातून, १९८८ च्या, चारपेक्षा कमी चाकांच्या गाड्या सुटतात त्या २५ सीसीपर्यंतच्याच. ४९ सीसी म्हणजे कायद्याने मोटार वाहन, आणि नोंदणी नसेल तर सार्वजनिक रस्त्यावर येता येत नाही. "पन्नासच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना?" दाजींनी विचारलं. मिळतं. पण हा अकराचा आहे आणि गाडीला नंबर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकल्यावर ताईने किल्ली थेट पर्समध्ये टाकली. बेसमेंट पार्किंगही नको. बंद जागेतला धूर नुसता घाण वासाचा नसतो, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि टेकडीवर न्यायचा विचारही करू नका. सकाळी फिरायला येणारे आजोबा कायद्याची वाट बघत नाहीत.

शेवटी सासवड रोडला दाजींच्या मित्राचा कंपाउंड घातलेला प्लॉट मिळाला. रविवारी सकाळी सातला पोचलो, कारण ऊन चढल्यावर हवेवरच्या इंजिनाचं रनिंग-इन करण्यात अर्थ नाही.

सुरू करण्याआधी पान्याने सगळे बोल्ट बघितले. स्वस्तातल्या छोट्या गाड्यांत हे काम इंजिनाइतकंच महत्त्वाचं. सायलेन्सरचे दोन्ही नट हाताने फिरत होते. चेन इतकी ताठ की बोटाने दबेना, ती सैल केली. टायरची हवा बघितली. ॲक्सिलरेटरच्या मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो, मूठ किती फिरावी ते ठरवणारा. तो आत घेतला, म्हणजे मूठ निम्म्याच्या वर जाणार नाही. भाच्याचं तोंड पडलं. पण अकरा वर्षांच्या मुलाला "निम्मीच पिळ" सांगण्यापेक्षा स्क्रू जास्त विश्वासाचा.

दोरी ओढतानाही एक पद्धत आहे. आधी हळू ओढायची, अडल्यासारखं लागलं की तिथून झटका. हातभर शेवटापर्यंत खेचली की दोरी तुटते. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. दोन मिनिटं गरम होऊ दिली, चोक काढला आणि पहिली पाच मिनिटं मीच चालवली. पंचाहत्तर किलोचा माणूस गुडघे कानाला लावून त्या पिल्लावर बसलेला, याचे व्हिडिओ आता घराण्याच्या ग्रुपवर कायमचे राहणार आहेत. पण ओझं म्हणून मी उपयोगी पडलो. वाढव, सोड, वळ, वाढव.

पाच मिनिटांनी बंद. फिनजवळ हात नेला तर धग लागत होती. मग पोहे, चहा. अर्ध्या तासाने फिनवर हात ठेवता आला तेव्हा दुसरी फेरी, आठ मिनिटं. पुन्हा विश्रांती. अशा चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत भाचा बसला, हेल्मेट, ग्लोव्हज, फुल शूज घालून.

त्याच फेरीत एक गोष्ट कानाला खटकली. त्याने मूठ सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता. वर तरंगत राहायचा, मग सावकाश उतरायचा. हे लक्षण कानात साठवून ठेवा. कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय, मिश्रण लीन होतंय, असा त्याचा अर्थ. मी किल्ली फिरवून तिथेच बंद केलं, आयडलिंगवर येऊ न देता, आणि प्लग काढला. टोकावरचा पांढरा सिरॅमिक भाग बिस्किटाच्या रंगाचा असायला हवा. आमचा खडूसारखा पांढराफटक होता. ओला काळा असता तर रिच म्हणून फारशी काळजी केली नसती. पांढरा म्हणजे धोका. शोधल्यावर सापडलं: कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या पाइपचा एक बोल्ट कंपनाने ढिला झाला होता आणि गॅस्केटच्या फटीतून हवा ओढली जात होती. पाव फेरा आवळला. पुढच्या फेरीत आवाज झटकन खाली आला, आणि चौथ्या फेरीनंतर प्लग फिकट मारी बिस्किटासारखा होता. तो ढिला बोल्ट तसाच राहिला असता तर खंबाटकीची पुनरावृत्ती सासवडला झाली असती.

भाच्याला दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. एक, पुढचा ब्रेक धरून मूठ पिळायची नाही. रेसमध्ये तसं करतात हे त्याने मोबाईलवर बघितलंय. यात क्लच आपोआप पकडणारा आहे, ब्रेक धरून पिळलं की शू आतल्या आत घसरत राहतात, क्लचचा ड्रम तापून निळा पडतो आणि स्प्रिंग मऊ होतात. दुसरी गोष्ट उतारावरची. वेगात असताना उतारावर मूठ पूर्ण सोडून द्यायची नाही. चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण पेट्रोल बंद झालेलं असतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. अधूनमधून किंचित पिळायची, तेवढ्याने तेलाचा घोट मिळतो.

ज्यांची छोटी बाईक फोर-स्ट्रोक आहे, ११० सीसीची पिट बाईक, म्हणजे मातीत चालवायची छोटी बाईक, किंवा तत्सम, त्यांना दाब आणि गरमीचं गणित हेच. फरक तेलाचा. झिजलेल्या उंचवट्यांचा कीस तिथे खालच्या तेलात जमतो, कारण जायला दुसरी जागाच नाही. पहिलं तेल काढताना भांड्यात उजेडात बघा, बारीक चकाकी तरंगताना दिसते. तेच ते पाट्यावरचे टाकून द्यायचे तांदूळ. म्हणून पहिलं तेल पुस्तिकेत सांगितलेल्या वेळेला बदलायचंच, "अजून स्वच्छ दिसतंय" म्हणून पुढे ढकलायचं नाही. चांगल्या कंपन्यांच्या इंजिनात हल्ली होनिंगनंतर दुसऱ्या बारीक होनने उंचवट्यांचे शेंडे कारखान्यातच कापून घेतात, त्यामुळे पूर्वीइतका सोहळा लागत नाही. स्वस्त पिल्लांच्या बाबतीत तसं गृहीत धरू नका.

दुसऱ्या रविवारी लिमिटरचा स्क्रू थोडा बाहेर घेतला, पाऊण मूठ. फेऱ्या दहा-दहा मिनिटांच्या केल्या. मधूनच सरळ पट्ट्यावर दोन-तीन सेकंद जोरात ओढायचं आणि सोडायचं, असं करू दिलं. रिंग बसली का ते दोरी सांगते. पहिल्या दिवशी ती कशी तरी खेचली जायची. दोन लिटर पेट्रोल संपेपर्यंत ओढताना मधेच एक ठाम अडथळा लागायला लागला, हाताला परत ढकलणारा. ते कॉम्प्रेशन. दाजींनी स्वतः ओढून बघितली, आणि विटांचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

उरलेलं २५ ला १ मिश्रण डब्यात ठेवलं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला फार दिवस लागत नाहीत. खाली पाणी बसलं की पहिलाच घोट इंजिनात पाण्याचा जातो, तेलाशिवाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी रिकामी केली, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे कार्बोरेटरही सुकला. आता पिल्लू ताईच्या बाल्कनीत चादर पांघरून बसलंय. भाच्याने पुढच्या डब्यावर मार्करने "३३:१, ३० मिली" लिहून ठेवलंय आणि सिरिंज त्यालाच रबरबँडने बांधून टाकलीय.